घाटात पिकअप जातो, गाडी बंद पडते: ईसीयू घ्यायच्या आधी कपलर बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. १६० सीसीची बीएस सिक्स गाडी, सेकंड हँड घेतलेली, ४१ हजार किलोमीटर झालेत, दर शनिवारी गुहागरहून कराडला जाता. चिपळूणपर्यंत गाडी झकास, पुढे कुंभार्ली घाट लागला की तिसऱ्या गिअरवर ओढत नाही, हेडलाईट पिवळट पडतो, आणि गेल्या दीड महिन्यात तीनदा चालता चालता बंद पडली. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू होते, पण सेल्फ मारताना मीटरमधलं घड्याळ रिसेट होतं. बॅटरी बदलली तर पंधरा दिवस बरी चालली, मग परत तेच. गाडीतला पेट्रोल पंप बदलला, परत वीसेक दिवस बरी. आता मेकॅनिक म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय, आणि तुम्ही विचारताय की घ्यावा का.

निदान आत्ता तरी नका घेऊ.

मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंगच करतोय, त्यातली बरीच कोकणात गेली. खरोखर ईसीयू गेलेल्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही निम्म्या कोणीतरी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून घालवलेल्या. कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारी प्लॅस्टिकची डबी, जळालेल्या, गंजलेल्या, सैल झालेल्या गाड्या मात्र पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन तरी येतात.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट कुठली सांगू का, "पार्ट बदलला की पंधरा-वीस दिवस बरी चालते." आपल्या धंद्यात माणसं फसतात ती इथेच, मीपण फसलोय. कपलरच्या आतल्या पिनेवर बारीक काळपट थर बसलेला असतो. पार्ट बदलताना मेकॅनिक सीट काढतो, टाकी उचलतो, वाटेत येणारे चार कपलर उघडतो आणि परत दाबून बसवतो. त्या काढघालीत पीन आतल्या आत घासली जाते, तेवढ्यापुरती चकचकीत होते, कॉन्टॅक्ट जमतो आणि गाडी पळायला लागते. श्रेय मिळतं नव्या पंपाला. मग व्हायब्रेशन, पाऊस, गरमी यात तो थर परत तयार होतो आणि तुम्ही परत घाटात उभे. तुमच्या बॅटरीचंही थोडंफार तसंच झालं असणार, शिवाय नवी बॅटरी फुल चार्ज असते त्यामुळे कमी पडणारं चार्जिंग ती काही दिवस झाकून नेते.

म्हणून माझा पहिला नियम आहे, कपलर उघडायच्या आधी मोजायचं. एकदा उघडून बसवला की पुरावा पुसला गेला, मग मोजून काय मिळणार.

आता मला काय वाटतंय ते सांगतो, गाडी समोर नाहीये त्यामुळे हा अंदाजच धरा. पिकअप जाणं, बंद पडणं या एकाच नावाखाली तीन-चार वेगळी दुखणी येतात. चालता चालता मीटरसकट सगळं एकदम काळं झालं तर मेन लाईन बघायची, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूजचा होल्डर, इग्निशन स्विचचा कपलर. मीटर चालू राहिला आणि नुसतं इंजिन मेलं तर किल स्विच, साईड स्टँडचा स्विच, पंपाचा रिले, क्रँक सेन्सरचा कपलर, या बाजूला जायचं. झटके देते आणि चेक लाईट लागते असं असेल तर बहुतेक एखाद्या सेन्सरचा कपलर. तुमचं मात्र हळूहळू होतंय, आधी लाईट पिवळा, मग ओढ कमी, मग बंद. हे चार्जिंग कमी पडल्याचं लक्षण आहे. सेन्सर बिघडल्याने हेडलाईट पिवळा पडत नाही.

हिशोब करून बघा. तुमच्या गाडीत बॅटरी साधारण ६ ॲम्पिअर-अवरची असेल. १ एप्रिल २०१७ पासून नव्या टू-व्हीलरना हेडलाईट कायम चालू आलाय, स्विचच नाही, त्यामुळे ३५ वॅटचा बल्ब दिवसाढवळ्यासुद्धा अडीच-तीन ॲम्पिअर खातोच. वर पेट्रोल पंप, इंजेक्टर, कॉईल, ईसीयू, टेल लाईट मिळून आणखी तीनेक धरा. म्हणजे चार्जिंग पूर्ण बंद पडलं तर बॅटरी तासाच्या आत खाली बसणार. तुमची चिपळूणच्या पुढे येईपर्यंत टिकते, म्हणजे चार्जिंग येतंय पण अर्धवट. घाटात ट्रकच्या मागे कमी रेसवर चढायचं, मॅग्नेट (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) वीज कमी बनवणार, वारा लागत नाही, गरमी वाढणार, आणि नेमकं तिथेच कमी पडतं. व्होल्टेज पडलं की पंप मंद फिरतो, प्रेशर कमी मिळतं, स्पार्क पण बारीक होतो. यालाच आपण पिकअप गेला म्हणतो. थांबलात की बॅटरी थोडी सावरते, कपलर गार होऊन कॉन्टॅक्ट परत जमतो, आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते. घड्याळ रिसेट होतं ते पण बॅटरी खाली असताना सेल्फने झटका मारल्यामुळेच.

अर्धवट चार्जिंग कसं होतं? मॅग्नेट कॉईलमधून तीन वायर निघतात, बहुतेक गाड्यांत तिन्ही पिवळ्या, आणि त्या एका कपलरमधून रेग्युलेटरला, म्हणजे ती वीज बॅटरीला चालेल अशी करणाऱ्या भागाला, जातात. या तिघींपैकी एकीचा कॉन्टॅक्ट गेला की उरलेल्या दोघींवर काम चालू राहतं पण करंट कमी मिळतो. आणि सगळ्यात जास्त जळणारा कपलर हाच. दोनशे वॅटचं मॅग्नेट म्हटलं तरी चौदा-पंधरा ॲम्पिअरचा मामला झाला. आता पिनेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला, जो तुमच्या साध्या मल्टीमीटरला नीट दिसणारही नाही, आणि त्यातून १० ॲम्पिअर गेले, तर १ व्होल्ट तिथेच गळतो आणि १० वॅटची उष्णता तयार होते. १० वॅट म्हणजे इंडिकेटरचा बल्ब. पेटलेला इंडिकेटरचा बल्ब त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत कोंबून तुम्ही तासभर गाडी चालवली तर काय होईल, तेच होतं. गरमीने पिनेची स्प्रिंग मरते, पीन सैल पडते, सैल पडली की आणखी गरम. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीचं एक सांगतो. एका दूधवाल्याची गाडी होती, मी स्वतः तिला दोन महिन्यांत दोन रेग्युलेटर बसवले, दोन्ही वेळा गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आणि परत आलं. तिसऱ्या वेळी मला लाज वाटायला लागली. दुधाची फेरी संपवून गाडी तशीच तापलेली घेऊन ये म्हटलं, आल्या आल्या साईड कव्हर काढलं आणि इंजिन बंद करून एकेका कपलरला बोट लावत गेलो. बाकी सगळे कोमट, आणि त्या पिवळ्या वायरच्या कपलरला बोट लावलं तर चटकाच बसला. उघडला तर मधल्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, पीन निळसर काळी. दोन्ही वेळा मी त्याच जळक्या डबीत नवीन रेग्युलेटर खोचला होता. त्या दूधवाल्याला दुसऱ्या रेग्युलेटरचे पैसे परत दिले, तो नको नको म्हणत होता तरी दिले.

तर तुम्ही काय करायचं. तीनशे-चारशेचा डिजिटल मल्टीमीटर घ्या, कोणाकडून मागून आणलात तरी चालेल. सकाळी गाडी चालू न करता बॅटरीवर मोजा, १२.६ च्या आसपास आलं पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. मग गाडी अर्धा तास फिरवून आणा आणि इंजिन गरम असताना मोकळ्या हवेत उभी करून, चालू ठेवून मोजा, एकदा स्लोवर आणि एकदा साधारण ४-५ हजार आरपीएमला. रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर आपला अंदाज बरोबर.

पुढचं रीडिंग जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेक गॅरेजमधे हेच कोणी घेत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं रेग्युलेटरमधून निघणाऱ्या प्लसच्या वायरवर, बहुतेक लाल असते. कपलर काढायचा नाही, मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून बारीक टाचणी सरकवायची आणि तिला मीटर लावायचा. इंजिन चालू, रेस दिलेली. इथे ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट दिसलं तर लाईन ठीक. एक व्होल्ट दिसलं तर तेवढं चार्जिंग वाटेत जळतंय. तसंच बॅटरीचा मायनस ते इंजिनची बॉडी, तिथे ०.१ च्या वर नको. अर्थिंगचं थिंबल (वायरच्या टोकाची कडी) चेसिसला जिथे बोल्टने बसवलेलं असतं तिथे रंग आणि गंज दोन्ही असतात, समुद्राकाठच्या गाड्यांना तर हमखास.

प्लसची लाईन ठीक आली तरी बॅटरीवर व्होल्टेज कमीच आहे, असं झालं तर पिवळ्या वायर. मीटर एसीवर घ्या, कपलरच्या एका बाजूच्या पिवळ्या वायरपासून त्याच वायरच्या दुसऱ्या बाजूपर्यंत मोजा, तिन्ही वायरींचं वेगवेगळं. आकडा किती यावा यापेक्षा तिघींची तुलना करा, दोन जागी किरकोळ आणि तिसरीत एकदम जास्त आला तर तीच. इथे बोटं सांभाळा, रेस दिल्यावर पन्नास-साठ व्होल्टसुद्धा असू शकतात. आणि टाचणी वायरच्या इन्सुलेशनमधून आरपार खुपसू नका, कपलरच्या मागूनच घाला. खुपसलेल्या भोकातून पाणी आत जातं आणि सहा महिन्यांनी तिथेच तांबं हिरवं होतं. मग माझ्यासारख्याला दुसरं काम.

मेकॅनिक मीटर बीपवर टाकून वायर तपासतो, बीप वाजली की "वायर ओके" म्हणतो. वायरमधल्या पंधरा तारांपैकी एक तार जरी शाबूत असली तरी बीप वाजते, कारण बीपला करंट लागतोच किती. त्या एका तारेतून दहा ॲम्पिअर पाठवून बघा म्हणावं. मी संशय आला की ३५ वॅटचा जुना हेडलाईट बल्ब त्या वायरवर लावतो, बीपवर पास झालेली वायर त्या बल्बला लाल करून सोडते, पांढरा काही होऊ देत नाही.

कपलर जळालेला निघाला तर नवीन कपलर किंवा नवीन पिना घालाव्या लागतील, पण तेवढ्यावर थांबू नका. जळालेल्या पिनेच्या मागची दोन-तीन इंच वायर पण भाजलेली असते. वायर कापायची आणि आतलं तांबं बघायचं. लालसर चमकदार दिसलं तर ठीक, काळं दिसलं तर आणखी मागे जायचं. काळ्या तांब्यावर कितीही चांगली पीन दाबली तरी पकडत नाही. पीन योग्य मापाची हवी आणि क्रिम्पिंगच्या (पीन वायरवर दाबून बसवायच्या) पक्कडीनेच दाबायची, साध्या पक्कडीने चेपलेली दोन महिन्यांत ढिली. सोल्डर करावा का यावर आमच्यात वाद आहेत. माझं मत असं की आधी नीट क्रिम्प, आणि सोल्डर केलाच तर थोडाच, कारण सोल्डर वायरमधे वर चढला की तिथे ती कडक होते आणि व्हायब्रेशनने नेमकी त्या काठावर तुटते.

काही जण कपलर फेकून देऊन तिन्ही पिवळ्या वायर डायरेक्ट जोडतात. याला मी नावं ठेवणार नाही, तिन्ही पिवळ्या एकमेकींत अदलाबदल झाल्या तरी काही बिघडत नाही, आणि गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह घालून पक्का जोड दिला तर वर्षानुवर्षं टिकतो. पुढे मॅग्नेट काढायची वेळ आली की वायर कापावी लागते एवढंच. पण ही मुभा फक्त तिन्ही पिवळ्यांपुरती, बाकी कुठल्याही वायरला नाही. आणि नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो आधी काढा. उन्हात त्या टेपचा गोंद वितळून असा काळा चिकट राडा होतो की आत काय चाललंय तेच दिसत नाही. फॉग लॅम्प आणि मोबाईल चार्जर लावलेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही, लावले असतील तर त्यांचे जोड पहिल्यांदा बघा, आणि तपासणी चालू असेपर्यंत ते सोडवूनच ठेवा.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः वायर कापू नका. रीडिंग कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. आकडे हातात असले की समोरचा "बघतो" म्हणून टाळत नाही.

सेकंड हँड गाडी म्हणालात म्हणून आणखी एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा अख्ख्या गाड्या गाळात बुडाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, ऑइल बदलून परत चालू झाल्या आणि नंतर विकल्या पण गेल्या. पुराची गाडी वरून ओळखू येत नाही. हेडलाईटच्या मागचा वायरींचा गठ्ठा सोडवून बघा, कपलरच्या कोपऱ्यात मातकट पावडर, पिनांवर हिरवट थर, मीटरच्या काचेच्या आत पाण्याची रेघ असं काही दिसलं तर समजायचं. अशा गाडीत पाणी इन्सुलेशनच्या आतून वायरभर चढलेलं असतं, एक कपलर बदलून भागत नाही. तिथे मी सरळ सांगतो की अर्धं हार्नेस (वायरींचा पूर्ण गठ्ठा) बदलावं लागेल, परवडत नसेल तर अशा गाडीवर घाट करू नका.

खारी हवा आणि वॉशिंग सेंटर, या दोघांनी कोकणातल्या गाड्यांचं वाटोळं केलंय. फोम वॉश करताना प्रेशरचा फवारा सीटखाली आणि हेडलाईटच्या मागे मारू देऊ नका, मारलाच तर कॉम्प्रेसरची हवा मारून कपलर सुकवून घ्या. कपलर साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. ती निळी-पिवळी डबी सगळे मारतात, डब्ल्यूडी-४०, ती पाणी हटवायला चांगली आहे पण ती मारली म्हणजे कपलरचं काम झालं असं नाही. पीन साफ आणि घट्ट झाल्यावर वरच्या रबर सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावा. ते ग्रीस करंट नेत नाही, ते पाणी अडवायला असतं, ढिली पीन ग्रीसने बरी होत नाही. फिमेल पीन ढिली झालीय का ते बघायची सोपी युक्ती, तशीच एक सुटी मेल पीन घेऊन आत सरकवायची आणि ओढायची. चांगली असेल तर बोटाला ओढ जाणवते, गेलेली असेल तर लोण्यातून सुरी निघावी तशी निघते.

आता समजा चार्जिंग चोख निघालं, १४.२ आलं, गळती पण कुठे नाही, मग माझा अंदाज चुकला आणि आपण दुसऱ्या वाटेला लागायचं. इंजिन स्लोवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरी रोज वाकून आतल्या आत तुटतात आणि बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. मग सीटखालचा हार्नेस हलवा, साईड स्टँडच्या स्विचची वायर हलवा, मेन फ्यूज होल्डरमधे दाबून बघा. जिथे हलवल्यावर इंजिन अडखळेल तिथेच दुखणं. उंदरांनी कुरतडलेलं पण याच वेळी सापडतं, पडवीत गाडी लावत असाल तर विशेष बघा. आणि काहीही करा, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "चार्जिंग येतंय का" बघायची जुनी पद्धत कोणालाही करू देऊ नका. किकच्या जुन्या गाड्यांवर ते खपून जायचं, एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत व्होल्टेजचा झटका बसतो आणि मग खरंच ईसीयू घ्यायला लागतो.

तोपर्यंत घाटात लाईट पिवळा पडलेला दिसला की ओढत बसू नका, मागून ट्रक असतो, इंजिन बंद पडायच्या आधीच कडेला रुंद जागा बघून थांबा.

मला चार आकडे पाठवा: सकाळचं बॅटरी व्होल्टेज, स्लोवरचं, रेस दिल्यावरचं, आणि बॅटरी प्लस ते रेग्युलेटर प्लस. सकाळचा सोडून बाकीचे तिन्ही अर्धा तास चालवून आणलेल्या गरम गाडीवर घ्या, थंड गाडीवर तुमचा कपलर अगदी निर्दोष असल्यासारखा वागणार.